कोथरूड की वाकड? मुलांना घेऊन पुण्यात येताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचं एक कुटुंब येत्या जूनमध्ये पुण्याला येतंय. नवऱ्याची नोकरी हिंजवडी फेज २ मध्ये, आठवड्यातले ३ दिवस ऑफिसात जावं लागणार. बायकोची बदली बँकेच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात झाली आहे. मुलगी ११ वर्षांची, सेमी-इंग्रजीत शिकणारी, सहावीत जाईल. मुलगा साडेचार वर्षांचा. सासूबाई सोबत येणार. आधी २ बीएचके भाड्याने घ्यायचं आणि जमलं तर दोनेक वर्षांनी विकत. शहरातलं कोथरूड बघावं की हिंजवडीजवळच्या उपनगरातलं वाकड, यावरून घरात आणि नातेवाइकांत दोन तट पडलेत, असं ताईंनी लिहिलंय.

ताई, मी २१ वर्षं पुण्यात बाहेरगावहून येणाऱ्या कुटुंबांना भाड्याची घरं शोधून देते. तुमचं उत्तर आधीच सांगून टाकते: तुम्ही कोथरूड बघा. पण त्यामागचं कारण नीट समजून घ्या. मुलगी ११ ऐवजी ५ वर्षांची असती, किंवा तुमचीही नोकरी हिंजवडीत असती, तर मी तुम्हाला वाकडला नेलं असतं, आणि तेही तितक्याच खात्रीने.

घर बघायला आलेले आईवडील पहिल्यांदा हॉल बघतात, मग किचनचा ओटा, मग बाल्कनीतून काय दिसतं ते. मी त्यांना विचारते, मुलगी दुपारी शाळेतून आली की संध्याकाळी ७ पर्यंत काय करणार? बहुतेकांकडे उत्तर नसतं. सकाळची सगळी आखणी डोक्यात तयार असते: बस किती वाजता, डबा कोण करणार, ऑफिसला कुठून निघायचं. दुपार मात्र मोकळी सोडलेली असते, आणि मुलांचं नव्या गावात मन रमतं की नाही ते त्या ३-४ तासांत ठरतं. तेव्हा शहर की उपनगर हा वाद थोडा बाजूला ठेवा आणि दोन्ही मुलांची दुपार कागदावर लिहून काढा. वेगवेगळ्या कागदांवर लिहा, कारण दोघांच्या दुपारी फार वेगळ्या आहेत.

साडेचार वर्षांच्या मुलाची दुपार सोपी असते. त्याला खाली उतरल्यावर गाडीची भीती नसलेली जागा हवी, त्याच्या वयाची चार पोरं हवीत, आणि आजीला खिडकीतून हाक मारता आली पाहिजे. वाकड, पुनावळे, बालेवाडीच्या मोठ्या सोसायट्या हे अगदी उत्तम देतात. गेटवर वॉचमन, आत झोपाळे-घसरगुंडी, संध्याकाळी बाकावर बसलेल्या आज्या. लहान मुलाचं जग इमारतीच्या आवाराएवढंच असतं आणि तिथे ते आवार चांगलं असतं.

११ वर्षांच्या मुलीचं तसं नाही. तिला वर्षा-दोन वर्षांत आवार पुरेनासं होईल. तिला मैत्रिणीकडे जायचं असेल, वाचनालयातून पुस्तक बदलायचं असेल, क्लासला सायकलवर जायचं असेल, येताना वहीचं कव्हर आणि पेनाची रिफील आणायची असेल. हे सगळं ती स्वतःच्या पायांनी करू शकते की दर वेळी कुणी गाडी काढायला हवी, यावर पुढच्या ६-७ वर्षांचं तिचं आणि तुमचं आयुष्य अवलंबून आहे. नागपुरात तुमची मुलगी कदाचित आत्ताच सायकलवर शिकवणीला जात असेल. तिथले बरेच रस्ते रुंद आहेत आणि अंतरं आवाक्यातली. पुण्यात येऊन तिचं ते स्वातंत्र्य गेलं तर तिला बदली शिक्षेसारखी वाटेल, आणि ते ती तोंडाने सांगणार नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाला हिंजवडीजवळच्या माणच्या पुढे एका टाउनशिपमध्ये घर करून दिलं होतं. सुंदर जागा, जलतरण तलाव, क्लबहाऊस, चौदाव्या मजल्यावरून समोर डोंगर. मुलगा १३ वर्षांचा, तबला शिकणारा. पहिलं वर्षभर सगळे खूश होते. दुसऱ्या वर्षी आईचा फोन आला. म्हणाली, "तबल्याचा क्लास सुटला, कारण शहरात नेऊन आणण्यात माझी अख्खी संध्याकाळ जायची. पण त्याचं एवढं नाही वाटत. आता तो कुठे जायचंच म्हणत नाही, त्याची भीती वाटते." आम्ही त्यांना औंधला हलवलं. घर जुनं होतं, लहान होतं, बाल्कनी नावालाच. मुलगा महिन्याभरात एकटा बसने फिरायला लागला. टाउनशिप वाईट नव्हती. ती त्या मुलाच्या वयाची नव्हती, आणि हे मला तेव्हा आधीच सुचायला हवं होतं.

उलटंही पाहिलंय. आजोबांचं बालपण नारायण पेठेत गेलेलं, म्हणून एका जोडप्याने हट्टाने तिथेच घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलगी ३ वर्षांची. खाली उतरलं की थेट रस्ता. ती आई आठ महिने मुलीला कडेवर घेऊन भाजीची पिशवी तिसऱ्या मजल्यावर चढवत होती. बालेवाडीच्या एका सोसायटीत गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मुलीला चार मैत्रिणी मिळाल्या, आणि आईला त्या मैत्रिणींच्या आया.

जुन्या पुण्यातल्या पेठांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून एवढंच सांगते: वाचणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या, पायी भटकणाऱ्या १४-१५ वर्षांच्या मुलांना पेठांसारखी जागा नाही. पण पार्किंग, लिफ्ट आणि गणपतीच्या दहा दिवसांतली गर्दी यांचा विचार करता सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा सोबत असताना मी तिकडे नेणार नाही.

आता कोथरूडची एक बाजू सांगते, जी तिथले लोक बहुधा सांगणार नाहीत. कोथरूड म्हातारं झालंय. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी इथल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांमध्ये आता फक्त आजी-आजोबा राहतात, मुलं-नातवंडं बंगळुरूला किंवा परदेशात. अशा इमारतीत शांतता मिळते, शेजार फार चांगला मिळतो, सासूबाईंना दोन दिवसांत ओळखी होतात. पण तुमच्या मुलाला खेळायला कुणी नसतं. पार्किंगमध्ये चेंडू आपटला तर पहिल्या मजल्यावरून आजोबा ओरडतात, कारण त्यांनी २० वर्षांत तो आवाज ऐकलेला नसतो.

म्हणून घर पसंत करायच्या आधी कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा त्या इमारतीच्या खाली जाऊन उभ्या राहा आणि मुलं मोजा. खरोखर मोजा. मुलीच्या वयाच्या दोन वर्षं आगेमागे किती, मुलाच्या वयाची किती. सायकली किती उभ्या आहेत आणि त्यांच्या टायरमध्ये हवा आहे का, हेही बघा. वॉचमनला विचारा, इथून स्कूलबस किती येतात? त्याला एजंटपेक्षा जास्त माहिती असते. मी हे गेली १५ वर्षं करते आणि या एका तासाने मला जेवढ्या चुकांतून वाचवलंय तेवढं कुठल्याच कागदपत्रांनी वाचवलेलं नाही. कोथरूडमध्येही पौड रस्त्याच्या बाजूला, भुसारी कॉलनीच्या आसपास, पुनर्विकास झालेल्या इमारतींमध्ये तरुण कुटुंबं परत येताहेत. तुम्हाला तशी इमारत हवी आहे, जुनी शांत सोसायटी नको.

शाळेकडे येते, कारण घर शाळेवरून ठरवायचं असतं. लोक नेमकं उलट करतात. आधी घर, मग "जवळपास चांगली शाळा कुठली?" अशी शोधाशोध, आणि जवळच्या शाळेत जागा नसते. मग मुलगी रोज ९ किलोमीटर दूर जाते. हिशेब करून बघा. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरते. बसचा वेळ जाताना ५० आणि येताना ५० मिनिटं धरला तर वर्षाला २२,००० मिनिटं, म्हणजे सुमारे ३६७ तास. त्यातले निम्मे तास जरी तिला परत मिळाले तरी ती एक वाद्य शिकेल, किंवा नुसती लोळेल. लोळणंही या वयात लागतं. प्रवास लांबायचाच असेल तर तो मोठ्यांच्या वाट्याला येऊ दे. ऑफिसला जाणाऱ्याला निदान त्याचा पगार मिळतो.

तुमच्या मुलीच्या बाबतीत माध्यमाचा प्रश्न आहे आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, डेक्कन या पट्ट्यात राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळा चालत किंवा सायकलवर जाण्याइतक्या जवळ सापडतात, आणि त्यांतल्या अनेक अनुदानित आहेत, त्यामुळे फीचा बोजा नाही. वाकड-हिंजवडीच्या बाजूला नव्या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, सीबीएसईच्या. गाव बदललं, मैत्रिणी सुटल्या, वर इतिहास-भूगोलही एकदम इंग्रजीत, असं सगळं सहावीत एकाच वर्षी तिच्या अंगावर येऊ देऊ नका. बोर्ड बदलायचंच असेल तर निदान गाव बदलल्याच्या वर्षी नको. (इंग्रजी शाळेत घातलं तर मराठी सुटेल, ही भीती मात्र बाळगू नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे.)

मुलाचं वय बघता त्याला पहिलीत जायला अजून वेळ आहे. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. खासगी शाळांचे बालवर्गाचे फॉर्म दिवाळीनंतरच निघायला लागतात आणि चांगल्या शाळांच्या जागा जानेवारीपर्यंत संपतात. म्हणजे तुम्ही जूनमध्ये येणार असलात तरी फॉर्म आधीच्या हिवाळ्यात भरायला हवा. आणि एक गोष्ट विदर्भातून येणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते: तुमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, इथे आठवडाभर तरी आधी, जूनच्या मध्यालाच घंटा होते. मुलगी पहिल्या दिवशी वर्गात असायला हवी. पहिल्या आठवड्यात बाकं ठरतात, जोड्या ठरतात, डबा कुणाबरोबर खायचा ते ठरतं. आठवड्याने आलेली मुलगी बराच काळ "नवीन आलेली" राहते.

निघताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यालच. त्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते नागपुरातच तपासा आणि युडायसमधला (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) विद्यार्थी क्रमांक लिहून घ्या. एका मात्रेच्या फरकासाठी इथून तिथे खेटे घालावे लागतात.

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण शहर आणि उपनगर यांतला खरा फरक मला इथे दिसतो. "उपनगर" हा एक शब्द आपण वापरतो, पण पुण्याच्या पश्चिमेला तुम्ही १० किलोमीटर गेलात तर तीन वेगळे कारभार लागतात. बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत. वाकड, ताथवडे, पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं ग्रामपंचायतीची आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीतली. जाहिरातीत सगळ्यांनाच "हिंजवडीजवळ" म्हणतात, पण नळाला पाणी कुठून येणार, कचरा कोण उचलणार, दवाखाना कुणाचा, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं आणि मधूनमधून दुरुस्तीसाठी एखादा गुरुवार सोडला तर रोज येतं. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून तिथे एक दिवसाआड पुरवठा सुरू झाला. मोठ्या सोसायट्या टाक्या बांधून, बोअर आणि टँकर घेऊन ते भागवतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये चढतो, आणि भाडेकरार करताना मेंटेनन्स कुणी भरायचा हे लिहिलेलं नसेल तर मे महिन्यात भांडण होतं.

यात माझ्याकडून एक चूक झालेली आहे. एका नव्या संकुलात मी एका कुटुंबाला घर दिलं. बिल्डरच्या ऑफिसात मला सांगितलं होतं की दिवाळीपर्यंत महापालिकेची लाइन जोडली जाईल. मी कागद मागितला नाही. लाइन त्या दिवाळीला आली नाही, पुढच्याही नाही. त्या घरातली लहान मुलगी टँकरच्या पाण्याने दोनदा आजारी पडली. त्या दिवसापासून मी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि पाण्याच्या जोडणीची पावती बघितल्याशिवाय मुलं असलेल्या कुटुंबाला घर दाखवत नाही. तुम्हीही मागा. भाडेकरूने हे कागद मागितले की काही मालक भुवया उंचावतात, उंचावू दे.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला किरकटवाडी, नांदेड, धायरी, नांदोशी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. यांतली बरीच गावं महापालिकेत अलीकडे आलेली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात घेतली गेली. कागदावर गाव शहरात येतं एका दिवसात, शुद्धीकरण केंद्र आणि जलवाहिन्या यायला मात्र वर्षं जातात. म्हणून "आता हे महापालिकेत आलंय" हे वाक्य ऐकून समाधान मानू नका. पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं की विहिरीतून, एवढा एकच प्रश्न विचारा आणि तो शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नाही.

शाळेच्या आणि मैदानाच्या आश्वासनांचंही तसंच. नव्या भागात दाखवतात, "समोरचा प्लॉट शाळेसाठी आरक्षित आहे, बाजूला उद्यान होणार आहे." विकास आराखड्यातलं आरक्षण म्हणजे नकाशावरचा रंग. तुमची मुलगी दहावी होईपर्यंत तिथे पत्र्याचं कुंपणच असू शकतं. जे आज उभं आहे तेवढंच मोजा.

कोथरूडमध्ये काय उभं आहे ते सांगते. थोरात उद्यान आहे, म्हातोबा टेकडी आहे, थोडं पुढे गेलं की वेताळ टेकडी. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात सुट्टीत बालनाट्यं लागतात. एरंडवण्यात कमला नेहरू पार्क. सारसबागेजवळचं गरवारे बालभवन मेट्रो आणि रिक्षेने गाठता येतं. कथकपासून बुद्धिबळापर्यंतचे क्लास गल्लीगल्लीत आहेत आणि त्यांतले बरेच कुणाच्यातरी घराच्या हॉलमध्ये चालतात. मुलगी सायकलवर जाऊन येईल, तुम्हाला सुट्टी काढावी लागणार नाही.

एका बाबतीत मात्र पश्चिमेचं पारडं जड आहे. तुमची मुलगी गंभीरपणे एखादा खेळ खेळत असेल, ॲथलेटिक्स, पोहणं, बॅडमिंटन, तर बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, जे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं, त्याच्या तोडीचं कोथरूडमध्ये काही नाही. पहाटे साडेपाचचा सराव असणाऱ्या मुलीला कोथरूडहून रोज तिकडे नेणं म्हणजे सगळ्या घराची झोप मोडणं. तसं असेल तर मला सांगा, मी माझं मत बदलेन आणि बालेवाडीत घर बघू.

नातेवाइकांचा वाद बहुधा ऑफिसवरूनच असणार. "हिंजवडीला नोकरी आणि कोथरूडला घर? रोज मरशील ट्रॅफिकमध्ये." ते खोटं नाही. वाकडच्या भूमकर चौकाची संध्याकाळ मी स्वतः अनुभवते. पण तुमच्या घरात दोन ऑफिसं आहेत. वाकडला राहिलात तर तुम्ही औंधमार्गे विद्यापीठ चौकातून रोज शिवाजीनगरला जाणार, पाच-सहा दिवस. कोथरूडला राहिलात तर तुमचे यजमान चांदणी चौकातून बाह्यवळणाने हिंजवडीला जाणार, तीन दिवस. अंतरं जवळपास सारखीच, पंधरा-सोळा किलोमीटरची. तुमच्यासाठी मात्र वनाझ, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनी स्टेशनवरून मेट्रो आहे. सिव्हिल कोर्ट (जिल्हा न्यायालय) स्टेशनला बदलायची की शिवाजीनगर पुढचंच स्टेशन. २०२३ च्या ऑगस्टपासून चांदणी चौकाचा नवा उड्डाणपूल सुरू झाल्यावर त्या बाजूची कोंडीही पूर्वीइतकी राहिलेली नाही. यजमानांच्या कंपनीची बस कोथरूडहून सुटते का ते विचारून घ्या. अनेक कंपन्यांच्या सुटतात.

हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं नाव प्रत्येक एजंट घेईल. बालेवाडी, बाणेर रस्ता, विद्यापीठ असा तिचा मार्ग आहे आणि तो तुमच्या दोघांच्या ऑफिसांना जोडणारा आहे, हे खरंच. तुम्ही घर बघायला याल त्या दिवशी जी गाडी प्रत्यक्ष धावत असेल तीच मोजा, आणि स्टेशन घरापासून चालत १० मिनिटांत असेल तरच मोजा. त्या मार्गावर बाणेर रस्त्याचा जुना भाग आणि त्याला लागून औंध, पाषाण हा तुमचा दुसरा पर्याय ठरू शकतो. कोथरूडमध्ये मनासारखी इमारत मिळाली नाही तर मी तुम्हाला तिथे नेईन, वाकडला नाही. पाषाणमध्ये झाडं आहेत, जुने रहिवासी आहेत आणि नवी मुलंही आहेत. भाडं मात्र कोथरूडपेक्षा कमी असेल अशी आशा ठेवू नका.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही एका ओळीत संपवलात, पण तुमच्या घरात दुपारचा आधार त्याच आहेत. त्यांना बालवाडीतून नातवाला चालत आणता येईल का? वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? पायऱ्या किती? भाजीवाला, डॉक्टर, औषधाचं दुकान, देऊळ कुणाला न विचारता गाठता येईल का? कोथरूडच्या आतल्या रस्त्यांवर याची उत्तरं बहुतेक "हो" अशी येतात. नव्या भागात सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की डंपर आणि धूळ असते, तिथे आजी गेटच्या आतच राहते. वर्षभर गेटच्या आत राहिलेल्या आज्या शेवटी "मी आपली नागपूरला जाते" म्हणतात. असं मी कितीदा पाहिलंय, आणि मग आईला नोकरी सोडायची वेळ येते.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. दोन पावसाळे निघू देत. भाडेकरार मात्र ११ महिन्यांचा करू नका. मालक तोच पुढे करतील, कारण ती इथली रीत झाली आहे. तुम्ही २४ किंवा ३६ महिन्यांचा मागा, दरवर्षीची वाढ आधीच लिहून टाका आणि निदान पहिल्या वर्षाचा लॉक-इन, म्हणजे त्या काळात करार मोडता न येण्याची अट, दोन्ही बाजूंना ठेवा. ११ महिन्यांनी मालकाचा मुलगा परदेशातून परत आला म्हणून घर सोडावं लागलं तर शाळा तीच ठेवून नवं घर शोधणं फार जिवावर येतं. करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती मालकाची जबाबदारी आहे. शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद चालतो. स्टॅम्पपेपरवरची नुसती नोटरी केलेली चिठ्ठी शाळा परत करतात.

स्कूलबस लागलीच तर शाळेला दोन गोष्टी विचारा: बसमध्ये बाई मदतनीस असते का, आणि शाळेची परिवहन समिती वर्षातून कितीदा बसते. २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार ती समिती प्रत्येक शाळेत असायला हवी. खासगी व्हॅनवाल्या काकांवर पुण्याचा भरवसा मोठा आहे आणि कित्येक काका त्या भरवशाला जागणारे आहेत, पण व्हॅनमध्ये किती मुलं कोंबली आहेत ते एकदा डोळ्यांनी बघा.

घरं बघायला याल तेव्हा शनिवार-रविवार टाळा. रविवारी सगळं पुणे राहण्याजोगं वाटतं. मंगळवार-बुधवार असे दोन दिवस काढा. सकाळी साडेआठला यजमानांना ठरलेल्या घराच्या गल्लीतून हिंजवडीला जाऊ दे, तुम्ही मेट्रोने शिवाजीनगरला जा. दुपारी शाळा बघा, शाळा सुटतानाची वेळ पकडून. साडेपाचला इमारतीखाली मुलं मोजा. रात्री ९ नंतर एकदा त्याच रस्त्यावरून चाला, दिवे कुठे आहेत आणि कुत्री कुठे बसतात ते कळेल.

आणि मुलीला बरोबर आणा. घर दाखवून झालं की तिला २० रुपये देऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणायला एकटीला पाठवा. तुम्ही लांबून बघत राहा. रस्ता ओलांडताना ती कितीदा थांबते, दुकानदार तिच्याशी बोलतो का, परत येताना ती त्याच रस्त्याने येते की दुसरी गल्ली धुंडाळून येते, हे सगळं मला फोनवर कळवा. दोन-तीन इमारती मी तोवर बघून ठेवते.